साळवे नावाचं पेडल

साळवे मुलाकडे बडोद्याला गेला
आणि जायच्या आधी ऑक्टोपॅड विकून गेला.
बेसवाला पिंटो त्याच्याही आधी:
गुडघे. स्टेज चढवत नाही, म्हणाला.
उरले मी, माझं अकॉर्डियन
आणि धनकवडीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची
तेवीस तारखेची सुपारी.

म्हणून हे सॉफ्टवेअर.

पहिलं दर महिन्याला पैसे मागायचं,
सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं, तितक्याच सभ्य भाषेत.
दुसऱ्यात ठेके एकशे चाळीस.
बोसानोव्हाच चार प्रकारचे. दादरा नाही.
वॉल्ट्झ लावून पाहिला, सहापर्यंत मोजत.
जुळतो तसा,
पण परक्या घरी जेवायला बसल्यासारखा,
कोपरं अंगाशी धरून.
तिसरं घेतलं. खरं सांगायचं तर
त्यातलं थांबवायचं बटण मोठं होतं,
चष्म्याशिवाय दिसेल एवढं.

लॅपटॉप भाचीचा जुना, एक की निघालेली.
केबल बुधवार पेठेतून आणली. दोनदा.
दुसऱ्या वेळी दुकानदाराने विचारलं,
मावशी, मेल पाहिजे का फीमेल?
मी म्हटलं, मला काय विचारतोस बाबा,
मी एकटीच आहे.
त्याने दोन्ही दिल्या. पैसेही दोन्हींचे घेतले.

शर्वाणीने दोन रविवार शिकवलं.
टकटक डाव्या कानात, ती फक्त तुझ्यासाठी, मावशी,
बँड बाहेर, लोकांसाठी.
मी चार दिवस रियाज केला.
पाचव्या दिवशी खालचे कानिटकर वर आले:
काय ठोकताय हो रोज संध्याकाळी?
तेव्हा कळलं, टकटक बाहेर जातेय
आणि अख्खा बँड मी एकटीच ऐकतेय.

बटणं जमली. बटणांचं काय.
पण ते थांबत नाही.

साळवे थांबायचा.
मी कडवं विसरले की तो एकच तुकडा
फिरवत ठेवायचा, सुपारी चघळत,
नजर वर छताकडे,
जणू हे असंच बसवलं होतं.
मग माझ्या ओठांकडे न बघता
त्याला कळायचं, आलं हिला आठवलं.
या पोराला विसरणं ठाऊकच नाही.
ते पुढे निघून जातं आणि मी मागून,
भाता छातीशी धरून,
सुटलेल्या पीएमटीमागे धावल्यासारखी.

रात्री अकराला, मदतीच्या पानावर,
अगदी तळाशी सापडलं:
गाण्यातला तुकडा खुणेने बांधता येतो.
पेडल दाबलं की तिथेच गोल फिरतो.
पुन्हा दाबलं की वाट मोकळी.
पेडल आणलं. (केबल बरोबर निघाली.)
मार्करने त्याच्यावर नाव लिहिलं.
शर्वाणीने वाचलं, काही बोलली नाही.

तेवीस तारखेला तिसऱ्या गाण्यात
दुसरं कडवं गेलं.
गेलं म्हणजे कोरं. पहिला शब्दसुद्धा नाही.
पाय आपोआप गेला.
तुकडा फिरला, एकदा, दोनदा, पाचदा,
पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान डोलावली,
छान बसवलंय म्हणून.
मी छताकडे पाहिलं.
पंख्याला जाळी लागलेली होती.
सातव्या फेरीला शब्द आला
आणि मला पेडल पुन्हा दाबावं लागलं.
तेवढाच फरक.

रात्री बडोद्याला फोन लावला.
कसा झाला विचारलंच नाही त्याने.
दादरा कितीवर ठेवलास?
अठ्ठ्याऐंशी.
पळतोय. चौऱ्याऐंशी कर.
केला.
मेला, बरोबर होता.

पेडलचं सांगितलं नाही.
मानधनात वाटा मागेल.